मोटारसायकलवरचे मेसन सोलापुरात: एका भेटीचा हिशेब

पहिलाच फोन चादरींवरून अडला. फ्रीमेसन, थोडक्यात मेसन, म्हणजे एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद; त्यांच्यातल्या मोटारसायकलवाल्यांच्या पुण्याच्या गटाने ठरवलं होतं की फेब्रुवारीत सोलापूरच्या लॉजला, म्हणजे तिथल्या शाखेला, भेट द्यायची, तिथल्या ब्रदर मंडळींना गटाच्या सेवाकार्याची माहिती द्यायची आणि जाता जाता शंभर चादरी गरजूंना वाटायच्या. लॉजच्या आल्मनरांनी, म्हणजे मदतकार्य पाहणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी, सगळं ऐकून घेतलं.

‘अहो, सोलापूरला चादरी तुम्ही पुण्याहून आणणार?’

‘सर, माल सोलापूरचाच आहे. इथल्या होलसेलरकडून घेतलाय.’

‘म्हणजे इथून तिकडे गेल्या, आता तिकडून परत इकडे. आणि वाटायच्या कुणाला? ज्यांनी विणल्या त्यांनाच?’

त्या फोनपासून मार्चअखेरपर्यंत काय घडलं, ते इथे मांडलं आहे. लॉजचं, गटाचं आणि माणसांचं नाव कुठेही दिलेलं नाही. चादरींचा बेत रद्द झाला, त्यांच्या जागी जवळचं दिसण्याचे चष्मे आले आणि मोटारसायकली हळूहळू मागे पडत गेल्या. त्या मागे पडल्या म्हणूनच भेट कारणी लागली, असं आमचं मत आहे. ते सगळ्यांना पटेलच असं नाही. गटातल्या दोघातिघांना अजून पटलेलं नाही.

कोण आणि कशासाठी

सोलापुरात रिक्षात बसून ‘लॉजवर सोडा’ म्हटलं, तर रिक्षा स्टँडाजवळच्या राहायच्या लॉजसमोर थांबते. मेसनांची लॉज म्हणजे आधी माणसांचा समूह, मग तो जिथे जमतो ती जागा. सभा बंद दाराआड होतात. त्यामुळे अशा इमारतींना भारतात कुठे ‘जादूघर’ तर कुठे ‘भूतबंगला’ ही नावं पडली. आत चालतं ते ठरलेल्या विधीचं कामकाज. सभासदाची परमेश्वरावर श्रद्धा असावी लागते, मग तो कुठल्याही धर्माचा असो. म्हणून भारतातल्या लॉजमध्ये मधल्या पीठावर गीता, कुराण, बायबल असे एकाहून अधिक ग्रंथ ठेवलेले दिसतात. राजकारणावर आणि धर्मावर वाद घालायचा नाही, हा जुना दंडक आहे.

पहिली ग्रँड लॉज, म्हणजे अनेक लॉजवरची मध्यवर्ती संस्था, लंडनमध्ये २४ जून १७१७ रोजी स्थापन झाली, असं मेसन मानतात. मुंबईत १८४३ साली निघालेल्या ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ या लॉजने भारतीयांना दार उघडलं. ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ ची. त्या वेळी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या अखत्यारीतल्या लॉजना नव्या ग्रँड लॉजमध्ये येण्याची मुभा होती. काही आल्या, काही जुन्याच घरी राहिल्या. एवढा इतिहास सांगायचं कारण असं की पाहुणा नेमक्या कुठल्या घरचा, हा प्रश्न पुढे दारावरच उभा राहिला.

मोटारसायकलवाल्या मेसनांचे गट मात्र अलीकडचे आहेत. त्यातला सर्वांत माहितीतला ‘विडोज सन्स’. तो १९९० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत इलिनॉयमध्ये सुरू झाला आणि नंतर अनेक देशांत त्याच्या शाखा निघाल्या. बायबलमध्ये सॉलोमन राजाच्या मंदिरासाठी काम करणारा हिराम हा कारागीर नफ्ताली वंशातल्या विधवेचा मुलगा होता, त्यावरून हे नाव आलं. विधवा आणि अनाथ यांना मदत करणं मेसनांच्या परंपरेत आधीपासूनच आहे. इथे ते चाकांवर आलं, इतकंच. असा गट म्हणजे लॉज नव्हे. त्याला विधी करण्याचा अधिकार नसतो. तो मास्टर मेसन झालेल्या, म्हणजे तिन्ही पदव्या घेतलेल्या लोकांचा छंदगट असतो. हा फरक गटवाले विसरले की घोळ सुरू होतो.

आपल्या प्रकरणातला गट याच धर्तीचा. १४ मोटारसायकली, १७ माणसं. त्यात ११ मास्टर मेसन, मेसन नसलेले ३ मित्र आणि मागे बसून आलेल्या ३ पत्नी.

पत्र

गटाने लॉजच्या सेक्रेटरींना पाठवलेलं पहिलं पत्र चार ओळींचं होतं: आम्ही येत आहोत, चॅरिटीच्या प्रचारासाठी, कृपया वेळ द्यावी. सोलापूरकरांनी त्याचा अर्थ ‘हे देणगी मागायला येतायत’ असा लावला. पुणेकरांना वाटत होतं की आपण द्यायला चाललोय. दोन्ही बाजू तीन आठवडे भलत्याच समजुतीत होत्या.

सेक्रेटरींनी उलट चार प्रश्न विचारले. येणारे किती आणि कुठल्या कुठल्या लॉजचे? मेसन नसलेले किती? सभेत बोलायचंय की जेवणाच्या वेळी? आणि तुमचं बोलणं संपल्यावर आम्ही नेमकं काय करावं अशी अपेक्षा आहे? चौथ्याचं उत्तर गटाकडे नव्हतं. ते शोधताना आल्मनरांचा चष्म्यांचा मुद्दा पुढे आला.

आल्मनर म्हणजे लॉजमध्ये अडलेल्या-नडलेल्यांची विचारपूस ठेवणारा पदाधिकारी. आजारी सभासद, दिवंगत ब्रदरची पत्नी, कुणाच्या मुलाची फी, हे सगळं त्यांच्या वहीत असतं. या गृहस्थांच्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या बाई दुपारी विड्या वळतात. पंचेचाळिशी ओलांडल्यावर त्यांना दोऱ्याचं टोक दिसेना. गाठ सैल पडली की विडी सुटते आणि कारखान्यात तपासणारा ती बाजूला काढतो. मजुरी हजार विड्यांवर असल्यामुळे बाजूला पडलेली प्रत्येक विडी त्या बाईच्या हिशेबातून जाते. आणि सोलापुरात अशी एकच बाई नाही. विडी कामगारांसाठी कुंभारीकडे जी घरकुलं झाली, त्यातल्या एकट्या गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं आहेत.

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं धूसर दिसू लागतं. हा रोग नाही, वय आहे. साध्या जवळच्या चष्म्याने भागतं आणि तो घाऊक भावात शंभर रुपयांच्या आत येतो. त्याने कामात फरक पडतो का, याला चांगला पुरावा आहे. आसामातल्या चहामळ्यांत चाळिशीवरच्या ७५१ तोडणी कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची उत्पादकता न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. आता चहाची पानं खुडणं आणि विडी वळणं ही एकसारखी कामं नाहीत, त्यामुळे ‘तुमची मजुरी २२ टक्के वाढेल’ असं कुणाला सांगायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. सांगायचं फक्त इतकं: दोरा दिसेल.

दुसरं पत्र दीड पानी गेलं. त्यात प्रत्येक पाहुण्याच्या लॉजचं नाव, क्रमांक आणि पदवी होती. मेसन नसलेल्या सहा जणांची वेगळी यादी होती. बोलण्यासाठी सभा संपल्यावर, जेवणाआधी, १० मिनिटं मागितली होती. आणि शेवटी मागणी होती: मार्चमध्ये २०० जणींची डोळे तपासणी व चष्मे, लॉजकडून जागा, आठ स्वयंसेवक आणि एक जबाबदार माणूस. हे पत्र सेक्रेटरींनी सभेआधी पदाधिकाऱ्यांना वाचायला दिलं. निम्मं काम तिथेच झालं.

रस्ता

तारीख फेब्रुवारीतला पहिला शनिवार. जानेवारीचा मध्य मुद्दाम टाळला, कारण संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. तेव्हा राहायला खोली मिळत नाही आणि होम मैदानाच्या आसपास मोटारसायकल ढकलत न्यावी लागते. मार्चनंतर ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना जाकीट घालून अडीचशे किलोमीटर कुणीही येऊ नये.

पुणे-सोलापूर अंतर साधारण २५० किलोमीटर. हडपसरहून पहाटे साडेपाचला निघाले. १४ गाड्या एका रांगेत चालवल्या तर रांग इतकी लांबते की मध्ये ट्रक घुसतात, मग मागचे पुढच्यांना गाठायला पळवतात आणि अपघात होतो. म्हणून सात-सातचे दोन जथे केले, मध्ये दहा मिनिटांचं अंतर. जथ्यात गाड्या नागमोडी: पुढारी लेनच्या उजवीकडच्या एक-तृतीयांश भागात, दुसरा डावीकडच्या, तिसरा पुन्हा उजवीकडच्या. समोरच्या गाडीपासून किमान दोन सेकंद. सर्वांत मागे अनुभवी माणूस, त्याच्याकडे पंक्चरचं सामान. थांबे सर्वांत लहान टाकीच्या हिशेबाने ठरवले, पहिला भिगवणला, दुसरा टेंभुर्णीला.

इंदापूर ते टेंभुर्णी या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. ट्रॉलीबाहेर दोन्ही बाजूंना ऊस लोंबत असतो. दिवसा ही अडचण असते, अंधारात तो सापळा होतो. परतीचा प्रवास शनिवारी रात्री करायचा नाही, हा नियम याच कारणाने केला. दुसरं कारण होतं जेवणाच्या वेळचे टोस्ट, म्हणजे पेला उंचावून दिलेल्या शुभेच्छा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य असेल तर गुन्हा होतो, आणि ही मर्यादा दोन पेगांत सहज ओलांडते.

मोहोळच्या अलीकडे एक पंक्चर झालं. स्पोकचं चाक, आत ट्यूब. ॲलॉय चाकाचं ट्यूबलेस टायर असतं तर दोरी घालून दहा मिनिटांत निघाले असते. इथे चाक उतरवावं लागलं, पाऊण तास गेला. पुढचा जथा वाट बघत हायवेवर थांबला नाही, ठरल्याप्रमाणे सरळ सोलापूरला गेला. हे बरोबर झालं.

शहरात शिरताना मात्र चुकलं. दोन गाड्यांना बदललेले सायलेन्सर होते. पुढचा जथा एका रुग्णालयाशेजारून गेला तेव्हा कुणीतरी उत्साहात रेस केली. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. ट्रॅफिक हवालदाराने दोघांना बाजूला घेतलं, पावती फाडली. दंडाचं काही नाही, पण लॉजच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांना संध्याकाळी तोच आवाज ऐकू आला असता, तर पुढे दहा वर्षं ‘ते भूतबंगलेवाले’ हेच नाव राहिलं असतं. दुपारनंतर दोन्ही गाड्या मुक्कामाच्या जागीच ठेवल्या. बाकीच्या गाड्या लॉजच्या बोळात न लावता जवळच्या एका मंगल कार्यालयाच्या आवारात लावल्या आणि तिथून सगळे चालत आले.

दुपारचे तीन तास

पाहुणे अकरा-साडेअकरापर्यंत पोहोचले होते आणि सभा संध्याकाळी साडेसहाला होती. मधला वेळ झोपण्यात आणि कडक भाकरी-शेंगाचटणीत गेला असता. आल्मनरांनी तो वापरला. विडी कामगार वस्तीतल्या एका समाजमंदिरात दुपारी एक ते चार, फक्त ४० जणींची चाचणी घेतली. सकाळी बायका कारखान्यात माल द्यायला आणि पान-तंबाखू आणायला जातात, म्हणून वेळ दुपारची. तपासायला एक पदवीधर ऑप्टोमेट्रिस्ट. गटातले चौघे मदतीला, बाकीच्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. जाकिटातली सतरा माणसं दारात उभी राहिली असती तर अर्ध्या बायका परत गेल्या असत्या.

पहिल्या अर्ध्या तासातच तक्ता निरुपयोगी ठरला. अक्षरांचा तक्ता वाचता न येणाऱ्या बाईला काय दाखवणार? शिवाय सोलापुरात विडी वळणाऱ्या कितीतरी जणी पद्मशाली समाजातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. मराठी त्यांना येतं, पण संकोच तेलुगूत सुटतो. अशोक चौकातल्या एका स्वयंसेविकेला बोलावून घेतलं. ती प्रत्येकीला ‘अक्का’ म्हणत समोर बसली आणि तक्ता बाजूला ठेवून तिने तेंदूचं पान आणि दोरा हातात दिला.

‘अक्का, वळा बरं एक.’

अक्कांनी पान फिरवलं, तंबाखू भरली, बोटांनी गुंडाळी केली. तोवर डोळ्यांचं काही काम नव्हतं, हातच सगळं जाणत होते. दोरा बांधायची वेळ आली तशी मान मागे गेली आणि हात पुढे लांबले.

‘दिसतंय का?’

‘दिसतंय की.’

गाठ बाजूला पडली होती.

‘दिसतंय’ हे उत्तर भिडेखातर येतं, हे डोळ्यांच्या शिबिरात पहिल्यांदा काम करणाऱ्याला कळत नाही. तोंडी उत्तरावर विश्वास ठेवून नंबर दिला तर निम्मे चष्मे कपाटात जातात. यापुढे प्रत्येकीला दोन गोष्टी करायला लावल्या: दोऱ्याची गाठ, आणि उलट्यासुलट्या ‘ई’ चा जवळचा तक्ता. त्या तक्त्याला ४० सेंटिमीटरवर गाठ मारलेली दोरी बांधली आणि गाठ गालाला लावून बघायला सांगितलं. दोरी नसली की प्रत्येकजण आपल्याला दिसेल इतक्या अंतरावर तक्ता नेतो आणि नंबर कमी निघतो.

बाकी अडचणी ऑप्टोमेट्रिस्टला ठाऊक होत्या, स्वयंसेवकांना नव्हत्या. वयावरून नंबरचा अंदाज येतो: चाळिशीच्या सुरुवातीला +१.००, पन्नाशीला +२.०० च्या आसपास, साठीकडे +२.५०. पण तो अंदाजच. प्रत्येक डोळा वेगळा झाकून बघायचा, कारण तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्याच असतात. दोन डोळ्यांत ठळक फरक असेल तर तयार चष्मा चालत नाही, बनवून घ्यावा लागतो. काचांच्या मध्यबिंदूंतलं अंतर तयार चष्म्यात साधारण ६० ते ६४ मिलिमीटर असतं. ज्या बाईचं बुबुळांतलं अंतर ५६-५७ आहे तिला +२.५० चा असा चष्मा दिला तर नजर काचेच्या मध्यातून जात नाही, डोळे ओढले जातात आणि तासाभरात कपाळ दुखतं. अशांसाठी लहान फ्रेम वेगळ्या मागवायच्या.

सर्वांत उपयोगी पडला तो छिद्र पाडलेला काळा पुठ्ठा. त्या बारीक छिद्रातून लांबचं स्पष्ट दिसलं तर दोष नंबरचा असण्याची शक्यता जास्त. छिद्रातूनही धूसरच राहिलं तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा विकार असू शकतो, तिथे चष्मा देऊन बोळवण करायची नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. साखरेचंही तसंच. रक्तातली साखर फार वाढली की डोळ्याचा नंबरच हलतो. आज दिलेला चष्मा साखर आटोक्यात आल्यावर चुकीचा ठरतो. म्हणून टेबलावर ग्लुकोमीटर ठेवला, आणि केव्हाही मोजलेली साखर २०० च्या वर असेल तर आधी दवाखाना, मग चष्मा.

दारावर

संध्याकाळी सहाला लॉजच्या दाराशी टायलर, म्हणजे दार राखणारे पदाधिकारी, उभे. हातात तलवार असते ती परंपरेची, काम मात्र खरं असतं: आत जाणारा मेसन आहे आणि त्याची वर्गणी भरलेली आहे, याची खातरजमा. नऊ जणांनी आपापल्या लॉजची चालू वर्षाची पावती किंवा ड्यूज कार्ड दाखवलं, रजिस्टरमध्ये सही केली. दहाव्याचं कार्ड मागच्या वर्षाचं निघालं. तो पुण्यातल्या जुन्या लॉजचा, सगळ्यांच्या ओळखीचा. गटप्रमुख म्हणाले, ‘अहो, मी सांगतो ना.’ टायलर हलले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही यांच्याबरोबर उघड्या लॉजमध्ये बसला आहात का? मोटारसायकलवर नव्हे, लॉजमध्ये.’ गटप्रमुख बसलेले नव्हते. शेवटी सोलापूरच्या एका ज्येष्ठ ब्रदरना आठवलं की एका इन्स्टॉलेशनला, म्हणजे नव्या प्रमुखाच्या पदग्रहणाच्या सभेला, आपण या दहाव्याच्या शेजारी बसलो होतो. त्यांच्या शब्दावर आणि सेक्रेटरींनी त्याच्या लॉजला फोन करून वर्गणीची खात्री केल्यावर प्रवेश मिळाला. २५ मिनिटं गेली. टायलरांना आडमुठे म्हणणारे दोघे निघाले, पण आमच्या मते त्या संध्याकाळी सर्वांत चोख काम टायलरांनीच केलं.

अकरावा इंग्लंडहून आलेला. त्याच्याकडे ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र, वर्गणीची पावती आणि ओळखपत्र, तिन्ही होती. त्याच्या घरची आणि इथली ग्रँड लॉज एकमेकींना मान्यता देतात, ते सेक्रेटरींनी महिनाभर आधीच तपासून ठेवलं होतं. दोन मिनिटांत आत.

मग जाकिटं. पाठीवर मोठं चिन्ह शिवलेलं चामड्याचं बिनबाह्यांचं जाकीट ही अशा गटांची ओळख. चौघांना ते सुटावर घालून आत जायचं होतं. विधींची शिस्त पाहणाऱ्या डायरेक्टर ऑफ सेरेमनीज यांनी शांतपणे सांगितलं की आत गडद सूट, पांढरा शर्ट, काळा टाय, पांढरे हातमोजे आणि ॲप्रन, त्यावर काहीही नाही. जाकिटं बाहेरच्या खोलीत खुंटीला गेली. ॲप्रनचा प्रश्न वेगळाच निघाला: दोघांनी ते सॅडलबॅगेत घडी घालून आणले होते, त्यावर चुरगळ्या आणि चेन ल्यूबचा डाग. ॲप्रन सपाट पुठ्ठ्याच्या केसमध्ये पाठीवरच्या बॅगेत, सूट गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि हातमोज्यांचा एक जादा जोड, एवढं मोटारसायकलवर सहज बसतं.

सभा दीड तास चालली. तिच्याबद्दल इथे लिहायचं नाही. फोटोही नाहीत. रील काढायला आलेल्या एकाला सभेआधी आणि नंतर, तेही बाहेरच्या खोलीत, एवढीच परवानगी मिळाली. दुपारच्या शिबिरात बायकांचे चेहरे टिपले होते, त्यातले ज्यांनी संमती दिली नव्हती ते तिथेच डिलीट करून घेतले.

दहा मिनिटं

गटाने २५ स्लाइड आणल्या होत्या. पहिल्या १४ मध्ये लडाख, गोवा आणि गाड्या. दुपार बघून आलेल्या चौघांपैकी एकाने त्या आणि बाकीच्याही बऱ्याच जेवणाआधी गाळल्या. उरल्या तीन: वस्तीचा नकाशा, ४० जणींच्या तपासणीचा निकाल, मार्चची मागणी.

सभा संपल्यामुळे आता पत्नी आणि मित्रही टेबलाशी होते. हा भाग महत्त्वाचा. बंद दाराआड बोलले असते तर ज्या तिघी दुपारी समाजमंदिरात बसल्या होत्या त्यांनाच ऐकता आलं नसतं. त्यातल्या एकीने गाठीची गोष्ट सांगितली आणि एक सैल विडी टेबलावर ठेवली. ती हातोहात फिरली. लॉजमधले एक यंत्रमागवाले म्हणाले, ‘आमच्याकडे तुटका धागा जोडणाऱ्यांचंही हेच आहे.’ दोन नवे प्रश्न आले, एक स्वयंसेवक वाढला.

मग एकाने हेल्मेट उलटं करून फिरवायला सुरुवात केली. चांगल्या मनाने केलं. पाच मिनिटांत हेल्मेटात नोटांचा ढीग झाला आणि खजिनदारांचा चेहरा उतरला. हे पैसे कुणाचे? लॉजच्या चॅरिटी फंडाचे की गटाचे? गट कुठेही नोंदलेला नाही, त्याचं खातं एका सभासदाच्या नावावर. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली, नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची आधी परवानगी लागते. गणेश मंडळांना हे पाठ असतं, सुटाबुटातल्यांना नसतं. सभासदांच्या जेवणातला हा प्रसंग त्यात बसतो की नाही यावर वाद घालता येईल, पण टेबलाशी पाहुणेही होते. खजिनदारांनी वाद घातला नाही. दोघांनी मिळून नोटा मोजल्या, कागदावर नावागणिक रक्कम लिहिली आणि सगळ्यांचे पैसे परत केले. सोमवारी एका नोंदणीकृत नेत्रसेवा ट्रस्टचा खाते क्रमांक सर्वांना गेला. ज्याला आयकरातली ८० जीची सवलत हवी त्याने २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नये, हेही सोबत लिहिलं. हेल्मेटात जमलं होतं त्याच्यापेक्षा थोडे कमी जमा झाले, पण प्रत्येक रुपयाची पावती होती.

इंग्लंडच्या पाहुण्याने २०० पौंड द्यायची तयारी दाखवली. तो भारतीय वंशाचा, पण ब्रिटिश नागरिक. म्हणजे त्याचे पैसे परकीय देणगी. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. या ट्रस्टकडे ते नव्हतं. नोंदणी असलेल्या संस्थेने घेऊन इकडे वळवावेत, हा मार्गही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून दिले असते तर अडचण नव्हती. पाहुण्याला वाईट वाटलं. त्याला ‘नको’ म्हणणं हाच त्याचा मान राखणं होतं.

मार्च

शिबिराला पुण्याहून चारच गाड्या आल्या, सॅडलबॅगेत चष्म्यांची खोकी घेऊन. दहा जणांनी ‘राइड नाही तर काय यायचं’ म्हणून रजा घेतली. कुणाची कमतरता भासली नाही.

खरेदी ४० जणींच्या निकालावरून केली होती. २०० साठी +१.०० चे २०, +१.५० चे ५०, +२.०० चे ६०, +२.५० चे ४५ आणि +३.०० चे २५. फ्रेम प्लॅस्टिकच्या, कारण नाकावरच्या पॅडच्या धातूच्या फ्रेम वाकतात. सोबत मऊ फडकं आणि गळ्यात अडकवायची दोरी. फडकं नसलं की तंबाखूची धूळ पदराने पुसली जाते आणि महिनाभरात काचेवर ओरखडे.

२१२ जणी आल्या. १६३ जणींना चष्मे मिळाले, १८ जणींना गरज नव्हती आणि ३१ जणींना रुग्णालयात पाठवायचं ठरलं. दोन आठवड्यांत नऊ जणी ‘चक्कर येते’ म्हणून परत आल्या. नंबर बरोबर होते. त्या चष्मा घालून चुलीपाशी, रस्त्यावर, जिन्यावर वावरत होत्या. जवळच्या चष्म्यातून लांबचं धूसर दिसतं आणि पायरी चुकते, हे सांगायचं राहून गेलं होतं. दोरी याचसाठी होती: काम संपलं की छातीवर सोडायचा. पुन्हा बसवून, तेलुगूत, प्रत्येकीला चालून दाखवायला लावून सांगितलं. सात जणींची तक्रार गेली. दोघींचे चष्मे बदलून लहान फ्रेमचे दिले.

रुग्णालयाचं मात्र जमेना. ३१ पैकी ११ जणी आपणहून गेल्या. उरलेल्या २० जणींना दवाखाना फुकट होता, पण एक दिवस गेला म्हणजे हजार विड्या गेल्या, शिवाय रिक्षाचं भाडं. आल्मनरांनी मार्चअखेर एक सहा आसनी ठरवली, दोन फेऱ्या केल्या आणि आठ जणींना नेऊन आणलं. त्यातल्या तिघींना मोतीबिंदू निघाला. राहिलेल्या बारा जणींची नावं त्यांच्या वहीत आहेत, दोघींपुढे ‘मुलाला विचारून सांगते’ असं लिहिलंय आणि दहा जणींपुढे अजून काहीच नाही.